नाकचिमटा

मुहर्रकला, जुन्या बाजाराच्या मागे,
एका दुमजली घराचं संग्रहालय झालंय.
तळमजल्यावर मी.
हातात सुती मोजे, तोंडावर मास्क,
टेबलावर शिंगाचा एक तुकडा, चार सेंटीमीटर.

इथे फिताम म्हणतात.
मी रजिस्टरात तेच लिहिते
आणि मनात म्हणते, नाकचिमटा,
वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिमट्याचा
थोरला चुलता.

पाणबुड्या तो नाकावर चढवायचा.
पायाला दगड, गळ्यात टोपली,
आणि वर नावेत बसलेल्याच्या हातात दोर.
दोन ओढी म्हणजे घे वर.
त्या वरच्या माणसाशी आदल्या रात्री
भांडण झालेलं असलं तरी.

आज एका खोक्यातून एवढं निघालं:
सुरम्याची चांदीची डबी, तळाला अजून सुरमा,
एका डोळ्यापुरता.
एक बतूला. नीळ इतक्या वर्षांनीही सुटते,
माझ्या मोज्याच्या अंगठ्याला
कुणाच्या तरी गालाचा रंग लागला.
एक ताईत, कानाशी धरला तर आत काहीतरी सरकतं.
उघडायचा नाही असा नियम आहे.
नसता तरी.
आणि एक अंगठी, आतून काळा दोरा गुंडाळलेली.
बोट बारीक झालं असणार.
मोझाबाई म्हणाल्या, दोरा काढून स्वच्छ करू या?
मी म्हटलं, बाई, दोराच तर वस्तू आहे.
अंगठी फक्त त्याची डबी.

त्या हसल्या. दोरा राहिला.

भिंगाखाली चिमट्याची उजवी बाजू
डावीपेक्षा जास्त झिजलेली.
म्हणजे हे नाक सरळ नव्हतं.
एवढंच कळतं त्या माणसाबद्दल, बाकी काही नाही.

दर गुरुवारी बू-ईसा येतात, काठी टेकत.
वरच्या दालनात असेच सहा चिमटे मांडलेत,
एकेकासमोर थांबतात, वाकतात.
आज खाली आले, माझ्या टेबलाशी.
मोडक्या हिंदीत बोलतात,
जी या गल्लीत माझ्याहून फार आधी आलेली आहे.
मी भिंग त्यांच्या हातात दिलं.
बराच वेळ पाहून म्हणाले,
ये मेरा बाबा का नहीं.
बाबा का नाक, उधर टेढा.
आणि स्वतःचं नाक डावीकडे दाबून दाखवलं.

मग इतकी वर्षं दर आठवड्याला का येता?
इधर एसी अच्छा है, म्हणाले.

आणि जाता जाता, दारात,
दोन बोटांनी नाक धरलं, डोळे मिटले.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
एक्केचाळीस सेकंद.
त्यांनी सोडलं तेव्हा कळलं,
मास्कच्या आत माझाही श्वास थांबला होता.

आईची नथ होती, सात बसरा मोत्यांची.
आळीतल्या सगळ्या लग्नांत ती मिरवली,
आईच्या नाकात सगळ्यांत कमी.
ती मालवणच्या पतपेढीत ठेवली
आणि माझा व्हिसा आला.
विमान खाली उतरताना खिडकीत
उथळ, हिरवं, तळ दिसणारं पाणी होतं.
शेजारचा म्हणाला, इथे पूर्वी मोती निघायचे.
मी नुसतं हो म्हटलं.
माझं टोचलेलं नाक कधीच बुजलंय.

पाच वाजत आले. नोंद पुरी करायची.
वस्तू: फिताम. साहित्य: शिंग.
काळ: अज्ञात. दाता: अज्ञात.
स्थिती: चांगली, उजव्या बाजूला झीज.
एका टोकाला भोक, गळ्यात अडकवण्यासाठी.
मी भोकावर फुंकर घातली.
चिमूटभर वाळू पडली पांढऱ्या कागदावर,
ती वेगळ्या पुडीत बांधली, क्रमांक घातला.

दोर: मिळाला नाही.